कॉमोडसवर सूड कोणी उगवला? ‘ग्लॅडिएटर’ सिनेमा आणि खरं रोम

इअरफोन लावलेत ना? मग चला, आज थेट रोमला जायचंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून काढलेला आहे.

आजचा विषय एका सिनेमावरून सुरू होतो. ‘ग्लॅडिएटर’. दिग्दर्शक रिडली स्कॉट, साल २०००. तुमच्यातल्या काही जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण तो एक सीन रील्समध्ये तरी तुम्ही पाहिलाच असणार. कोलोसियमच्या वाळूत एक गुलाम योद्धा उभा आहे. तोंडावर लोखंडी हेल्मेट. सम्राट स्वतः खाली उतरून त्याला नाव विचारतो. हा पाठ फिरवून चालायला लागतो. सम्राट भडकतो. मग हा थांबतो, सावकाश हेल्मेट काढतो, वळतो आणि आपलं नाव सांगतो. मी कोणत्या फौजांचा सेनापती होतो, तू कोणाच्या बापाला आणि कोणाच्या नवऱ्याला उघड्यावर आणलंस, हे सगळं सांगतो. आणि सूड घेईन, या जन्मी नाहीतर पुढच्या, असं तोंडावर बजावतो.

अंगावर काटा येतो की नाही? येतोच. आता प्रश्न असा, की यातला सम्राट कॉमोडस खरा होता. तो मेला, तोही खून होऊनच मेला. मग त्याच्यावर सूड कोणी उगवला? मॅक्सिमस नावाचा कोणी सेनापती खरंच होता का? आणि नसेल, तर मग त्या रिंगणाच्या भोवती बसलेल्या हजारो लोकांपैकी कोणाच्या मनात काय चाललं होतं? आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी गोष्ट पटकन

स्पॉयलर आहे, पण पंचवीस वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉयलर काय लागणार! इ.स. १८०. म्हातारा सम्राट मार्कस ऑरेलियस उत्तरेला जर्मन टोळ्यांशी लढतोय. त्याचा लाडका सेनापती मॅक्सिमस, म्हणजे रसेल क्रो. सम्राटाला वाटतं, आपल्यानंतर सत्ता मुलाकडे न जाता मॅक्सिमसकडे जावी आणि त्याने रोममध्ये पुन्हा प्रजासत्ताक आणावं. मुलगा कॉमोडस, म्हणजे वाकीन फीनिक्स, हे ऐकतो आणि बापालाच गुदमरवून मारतो. मॅक्सिमसच्या बायको-मुलाची हत्या होते. तो गुलाम म्हणून विकला जातो, ग्लॅडिएटर होतो, रोमला पोचतो, आणि शेवटी कोलोसियममध्ये कॉमोडसला मारून स्वतः मरतो. सिनेमाला ऑस्करची १२ नामांकनं मिळाली आणि ५ ऑस्कर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता हे दोन्ही.

गंमत म्हणजे ही कथा पडद्यावर पहिल्यांदा आली नव्हती. १९६४ साली ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’ नावाचा भव्य सिनेमा आला होता. तोच मार्कस ऑरेलियस, तोच कॉमोडस, आणि त्यातही एक काल्पनिक प्रामाणिक सेनापती. तो दणकून आपटला. त्यानंतर रोमवर एवढा खर्च करायचं धाडस हॉलिवूडने बरीच वर्षं केलं नाही. रिडली स्कॉट तयार झाला तो एका चित्रामुळे, असं सांगतात. फ्रेंच चित्रकार जेरोमचं १८७२ सालचं चित्र. पडलेल्या योद्ध्याच्या छातीवर पाय देऊन उभा असलेला ग्लॅडिएटर आणि प्रेक्षकांतून खाली वळलेले अंगठे. ‘अंगठा खाली म्हणजे मरण’ ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली खूण या चित्रानेच लोकप्रिय केली. जुन्या लॅटिन मजकुरात अंगठा ‘वळवण्याचा’ उल्लेख आहे. कुठल्या दिशेला, ते लिहिलेलंच नाही!

बाप आणि मुलगा

आता खरा इतिहास. मार्कस ऑरेलियस खरोखर १८० साली, १७ मार्चला, उत्तरेच्या मोहिमेवर असतानाच वारला. वय ५८. तो नुसता सम्राट नव्हता, तत्त्वज्ञ होता. छावणीत बसून स्वतःसाठी लिहिलेलं त्याचं चिंतन आजही लोक वाचतात. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्या वेळी आपल्याकडे दख्खनमध्ये सातवाहनांचं राज्य होतं.

सिनेमातला पहिला मोठा ट्विस्ट म्हणजे ‘वारस कोण?’ प्रत्यक्षात तो प्रश्न शिल्लकच नव्हता. मार्कसने तीन वर्षं आधीच, १७७ साली, कॉमोडसला स्वतःच्या बरोबरीचा सम्राट केलं होतं. म्हणजे बाप गेला तेव्हा मुलगा गादीवर होताच. वय वर्षं फक्त १८.

पण मग तत्त्वज्ञ बापाने असा मुलगा का निवडला? त्याच्या आधीचे चार सम्राट, नेर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन आणि अँटोनायनस पायस, यांनी लायक माणूस पाहून त्याला दत्तक घेतलं आणि गादी दिली. ऐकायला फार आदर्श वाटतं. पण यातल्या एकालाही गादीवर बसेल असा स्वतःचा जिवंत मुलगा नव्हता! मार्कसला होता. त्याला आणि फॉस्टिनाला डझनाहून जास्त मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. कॉमोडसचा जुळा भाऊसुद्धा चार वर्षांचा असताना गेला. अशा बापाने हाताशी असलेला मुलगा बाजूला सारून दुसऱ्याला गादी दिली असती, तर त्या मुलाला कोणीतरी जिवंत ठेवलं असतं का? मुलगा म्हणजे हयात दावेदार. त्याच्या नावाने उद्या कोणीही फौज उभी केली असती. त्यामुळे मार्कसपुढे पर्याय जवळजवळ नव्हताच.

आणि प्रजासत्ताकाचं स्वप्न? ते तेव्हा कोणी पाहत नव्हतं. रोमचं प्रजासत्ताक संपून दोनशे वर्षं झाली होती. सिनेटरांना हवा होता तो आपल्याला मान देणारा, आपले गळे न कापणारा सम्राट. सम्राटच नको, असं कोणी म्हणत नव्हतं.

बापाच्या खुनाचं काय? बहुतेक इतिहासकार मानतात की मार्कस आजारपणात गेला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉमोडसच्या काळातच सिनेटमध्ये असलेल्या एका माणसाने लिहून ठेवलंय की वैद्यांनी कॉमोडसला खूश करायला मार्कसला मारलं, असं मी खात्रीने ऐकलंय. म्हणजे सिनेमातला तो खून हॉलिवूडने हवेतून काढलेला नाही, ती अठराशे वर्षं जुनी कुजबुज आहे. हे लिहिणाऱ्या माणसाचं नाव कॅसियस डिओ. नाव लक्षात ठेवा, कारण आजच्या भागाचा खरा नायक कदाचित तोच आहे.

डायलॉग मारला आणि डाव फसला

सिनेमात कॉमोडसची बहीण ल्युसिला त्याच्याविरुद्ध कट करते. हे खरं आहे. ल्युसिला ही मार्कसची मुलगी, आणि आधीच्या सम्राटाची, ल्युसियस व्हेरसची, विधवा. म्हणजे एके काळची सम्राज्ञी. १८२ च्या सुमारास तिने भावाला संपवायचा कट रचला.

जागा कुठली, तर कोलोसियमच! प्रेक्षागृहात शिरायच्या अरुंद वाटेत मारेकरी दबा धरून बसला. त्याचं नाव क्विंटियानस. सम्राट आला, वाट अंधारी, हातात तलवार, समोर सावज. एक वार केला असता तर संपलं होतं. पण या पठ्ठ्याने काय केलं? तलवार उपसून आधी सम्राटाला ऐकवलं, की बघ, हे तुला सिनेटने पाठवलंय! तेवढा वेळ पहारेकऱ्यांना पुरला. त्यांनी त्याला तिथेच धरला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मारेकरी गेला, कटातले बाकीचे गेले. ल्युसिलाला कॅप्री बेटावर हद्दपार केलं आणि नंतर ठार मारलं. सिनेमात ती भावाच्या मृत्यूनंतरही उभी असते. खऱ्या इतिहासात भाऊ तिच्यानंतर दहा वर्षं जगला.

आणि त्या एका वाक्याने आणखी एक घोटाळा केला. ‘सिनेटने पाठवलंय’ हे कॉमोडसच्या डोक्यात कायमचं बसलं. तिथून पुढे प्रत्येक सिनेटर त्याला शत्रू दिसू लागला. हेरोडियन नावाचा त्या काळाचा दुसरा इतिहासकार सांगतो की सम्राटाच्या मनात सिनेटबद्दलचा द्वेष रुजला तो इथूनच. सूडाचा एक फसलेला डाव, आणि त्याचे पैसे दहा वर्षं बाकीच्यांनी भरले.

शहामृगाचं मुंडकं

सिनेमा वाटतं की काही महिन्यांत संपतो. कॉमोडसचं राज्य खरं म्हणजे बारा वर्षं चाललं. सुरुवातीला त्याने उत्तरेचं युद्ध तह करून थांबवलं, रोमला परतला आणि कारभार दुसऱ्यांवर सोपवला. शेवटी शेवटी मात्र गाडी पार रुळावरून घसरली. तो स्वतःला हर्क्युलिस म्हणवायला लागला. सिंहाचं कातडं पांघरलेला, हातात गदा घेतलेला त्याचा संगमरवरी पुतळा आजही रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. फोटो शोधून बघा, भारी आहे. रोम शहराला त्याने स्वतःचं नाव दिलं. बारा महिन्यांना आपल्या बारा नावांची आणि किताबांची नावं दिली.

आणि तो रिंगणात उतरला. हेही खरं! रोममध्ये ग्लॅडिएटर म्हणजे समाजातला सगळ्यात खालचा माणूस. लोक त्याच्यावर फिदा असायचे, पण त्याला इज्जत नव्हती. अशा जागी सम्राट स्वतः जाणार, म्हणजे लोकांच्या दृष्टीने केवढा धक्का. त्यातून तो डावखुरा, आणि डावखुरेपणाचा त्याला फार अभिमान. रिंगणात उतरायचे तो रोज दहा लाख सेस्टर्स घेत होता, तेही ग्लॅडिएटरच्या खेळांसाठी असलेल्या निधीतून.

१९२ सालच्या शेवटच्या महिन्यांत त्याने चौदा दिवसांचा मोठा खेळ भरवला. पहिल्या दिवशी वरच्या कठड्यावरून भाले फेकून एकट्याने शंभर अस्वलं मारली. धोका शून्य. सिनेटर मंडळींना हजर राहणं भाग होतं, आणि ठरवून दिलेल्या घोषणा जोरजोरात द्यायच्या होत्या. लोकांमध्ये अफवा अशी पसरली होती, की हर्क्युलिसने जसे पक्षी मारले तसे हा प्रेक्षकांवरच बाण सोडणार आहे. त्या भीतीने बरेच सामान्य लोक आलेच नाहीत. सिनेटरांना ती सोय नव्हती.

आणि इथे डिओ आपल्याला सांगतो ती गोष्ट. तो स्वतः तिथे बसला होता. कॉमोडसने एक शहामृग मारला, त्याचं मुंडकं कापलं, आणि डाव्या हातात मुंडकं, उजव्या हातात रक्ताळलेली तलवार घेऊन तो थेट सिनेटरांच्या बाकांसमोर आला. बोलला काहीच नाही. फक्त हसत हसत मान हलवली. अर्थ स्पष्ट होता: तुमचंही असंच करीन.

आता तुम्हाला वाटेल, भीतीने सगळ्यांचं पाणी पाणी झालं असेल. डिओ म्हणतो, नाही. आम्हाला हसू यायला लागलं! डोळ्यांसमोर चित्र आणा. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, एका हातात शहामृगाची लांबलचक मान, आणि चेहऱ्यावर ‘घाबरलात ना?’ असा भाव. पण हसलो तर जागीच तलवार फिरली असती. मग डिओने काय करावं? डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ होती. त्यातली पानं तोडून तो चावायला लागला. शेजारी बसलेल्यांनाही खुणावलं, चावा. तोंड हलत राहिलं म्हणजे हसू कळत नाही.

मला अख्ख्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये या सीनच्या तोडीचा सीन सापडत नाही. हुकूमशहासमोर बसलेली चांगली शिकलेली, श्रीमंत, मानाची माणसं आणि त्यांच्या हातात काय, तर पानं चावणं. शाळेत सर रागावलेले असताना मागच्या बाकावर हसू दाबलंय ना तुम्ही? तेच. फक्त इथे हसण्याची शिक्षा मरण.

तो सेनापती, जो आलाच नाही

आता मॅक्सिमसकडे येऊ. असा सेनापती नव्हता. पण एक माणूस होता ज्याच्याकडे बघून लोक म्हणतात की मॅक्सिमस याच्यावरून सुचला असावा. टायबेरियस क्लॉडियस पॉम्पेयानस.

हा मूळचा अँटिओकचा, म्हणजे सिरियाकडचा. घराणं फार मोठं नाही. पण कर्तबगारीवर चढत चढत मार्कस ऑरेलियसच्या उत्तरेच्या युद्धातला प्रमुख सेनापती झाला. मार्कसने त्याला आपली विधवा मुलगी ल्युसिला दिली. हे लग्न ल्युसिलाला अजिबात पसंत नव्हतं. नवरा वयाने खूप मोठा आणि एके काळच्या सम्राज्ञीसाठी घराणंही कमी दर्जाचं. पुढे तिने भावाविरुद्ध कट केला तेव्हा तलवार घेऊन उभा राहिलेला क्विंटियानस पॉम्पेयानसचाच नातलग होता. बायको मारली गेली, नातलग मारला गेला. पॉम्पेयानस कटात नव्हता, म्हणून तो वाचला.

म्हणजे बघा. मार्कसचा विश्वासू सेनापती. बायको कॉमोडसने मारलेली. लष्करात वजन. हिंदी सिनेमा असता तर इंटरव्हलनंतर हा माणूस घोड्यावर दिसला असता. प्रत्यक्षात त्याने काय केलं? तो गावाकडे निघून गेला. वय झालं, डोळ्यांना दिसत नाही, असं कारण दिलं आणि सार्वजनिक आयुष्यातून बाहेर पडला.

आणि कॉमोडसचे ते चौदा दिवसांचे खेळ आले तेव्हा पॉम्पेयानसने आपल्या मुलांना पाठवलं, स्वतः मात्र गेला नाही. डिओ कारण सांगतो. मार्कसच्या मुलाला असं वागताना पाहण्यापेक्षा मारलं गेलेलं परवडलं, असं त्याने ठरवलं होतं. मुलांना का पाठवलं? बहुधा ती वाचावीत म्हणून. घरातून कोणीच नाही गेलं तर ते उघड बंड ठरलं असतं. पॉम्पेयानसला ल्युसिलापासून झालेला मुलगाही होता. त्या मुलाच्या बाजूने विचार करा. रिंगणात नाचणारा सम्राट त्याचा सख्खा मामा, आणि याच मामाने त्याच्या आईला मारलेलं. कंसमामाची गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण इथे कृष्ण नाही. इथे बाप सांगतोय, जा, बस, घोषणा दे, आणि जिवंत घरी ये.

हे भित्रेपण आहे का? मला तसं म्हणवत नाही. सगळा रोम ज्या ठिकाणी मान डोलावत होता, तिथे न जाणं हा जिवावरचा धोका होता आणि तो त्याने फक्त स्वतःपुरता घेतला. मुलांच्या वाट्याला येऊ दिला नाही.

या डोळ्यांच्या आजाराचा पुढचा भाग ऐका. कॉमोडस गेला, पर्टिनॅक्स सम्राट झाला. पर्टिनॅक्सच्या कारकिर्दीला सुरुवातीच्या काळात पॉम्पेयानसनेच हात दिला होता. लगेच पॉम्पेयानस सिनेटमध्ये आला, व्यवस्थित दिसत होतं! पर्टिनॅक्सने त्याला आपल्या शेजारी मानाने बसवलं. पर्टिनॅक्स मारला गेला, आणि पॉम्पेयानस पुन्हा आजारी. डिओ हे अगदी सरळ चेहऱ्याने लिहितो. त्यातली मिश्किली आपण समजून घ्यायची.

थर्टी फर्स्टची रात्र

मग कॉमोडसला मारलं कोणी? घरच्यांनी.

१९२ सालचा ३१ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, कॉमोडस राजवाड्याऐवजी ग्लॅडिएटरांच्या बराकीतून, योद्ध्याच्या वेषात लोकांसमोर यायचा बेत करत होता. त्याच्या जवळच्या तिघांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला. त्याची प्रेयसी मार्सिया, महालाचा कारभारी एक्लेक्टस आणि अंगरक्षक दलाचा प्रमुख लेटस. हेरोडियन सांगतो की चिडून कॉमोडसने एका पाटीवर मारायच्या लोकांची यादी लिहिली. पाटी पलंगावर राहिली, महालातल्या एका लहान मुलाने ती खेळायला उचलली, आणि मार्सियाने त्याच्या हातातून घेऊन वाचली. पहिलं नाव तिचंच.

त्या रात्री त्याला विष दिलं. ते त्याने ओकून टाकलं. मग घाबरलेल्या तिघांनी एका पैलवानाला आत पाठवलं. नाव नार्सिसस. कॉमोडससोबत कुस्तीचा सराव करणारा. त्याने स्नानगृहात सम्राटाचा गळा आवळला.

ना कोलोसियम, ना प्रेक्षक, ना शेवटचं भाषण. आणि यातल्या एकाच्याही मनात सूड नव्हता. होती फक्त भीती: आज आपण मारलं नाही तर उद्या आपण मरणार. ‘ग्लॅडिएटर’च्या सुरुवातीच्या मसुद्यात नायकाचं नाव नार्सिससच होतं. पुढे ते बदलून मॅक्सिमस झालं. झालं ते बरं झालं म्हणायचं, कारण नार्सिससची पुढची गोष्ट कोणत्याच निर्मात्याला परवडली नसती.

सूडाचं देऊळ आणि गादीचा लिलाव

सिनेमात कॉमोडस मरतो आणि रोममध्ये काहीतरी चांगलं सुरू होणार असं वाटत राहतं. खरं काय झालं?

सिनेटने आधी मनसोक्त राग काढला. कॉमोडसच्या मूर्ती पाडल्या, शिलालेखांवरून नाव खरवडून काढलं. प्रेत आकड्याने ओढत न्यायची मागणी झाली. पर्टिनॅक्सने मात्र ते गुपचूप पुरून घेतलं. हा पर्टिनॅक्स एका मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, शिस्तीचा माणूस. कॉमोडसच्या चैनीच्या वस्तू त्याने विकायला काढल्या, ग्लॅडिएटरचं सामानसुद्धा. पण सम्राटाच्या अंगरक्षक दलाला कॉमोडस आवडायचा, कारण तो पैसे उडवायचा आणि शिस्त लावायचा नाही. ८७ दिवसांत त्यांनी पर्टिनॅक्सला मारलं.

आणि मग जे झालं ते सिनेमात दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीही काय! अंगरक्षकांनी रोमच्या गादीचा लिलाव केला. छावणीच्या आत एक बोली लावणारा, भिंतीच्या बाहेर दुसरा. दर शिपायामागे इतके, इतके, असा आकडा चढत गेला. शेवटी बाहेरच्या डिडियस ज्युलियानसने बोटांवर दाखवत एकदम उडी मारली, २५ हजार सेस्टर्स, आणि गादी घेतली. तोही ६६ दिवसच टिकला. याच ज्युलियानसने लेटस आणि मार्सियाला मारून टाकलं होतं.

त्यानंतर फौजफाटा घेऊन आला सेप्टिमियस सेव्हरस, आणि तो टिकला. आता हे नीट ऐका. सेव्हरसला गादीवर हक्क दाखवायला एक घराणं हवं होतं. म्हणून १९५ साली त्याने जाहीर केलं की मी मार्कस ऑरेलियसचा मुलगा. आता मार्कसचा मुलगा म्हणजे ओघानेच कॉमोडसचा भाऊ! १९७ साली त्याने सिनेटला भाग पाडून कॉमोडसला देवपद दिलं. सिनेटरांना त्याने वर सुनावलं, की तुम्ही कॉमोडसला नावं ठेवता, मग त्याच्या त्या ढाली आणि सोन्याची शिरस्त्राणं विकायला निघाली तेव्हा विकत कोणी घेतली? डिओ समोरच बसला होता.

आणि नार्सिसस? कॉमोडसचा गळा आवळणारा तो पैलवान सेव्हरसच्या हुकमाने जंगली जनावरांपुढे टाकला गेला. कॉमोडसला मारणारा हाच, अशी घोषणाही केली गेली. म्हणजे रिंगणात मरण आलं ते कॉमोडसला नाही, त्याला मारणाऱ्याला. हा सूड सेव्हरसने उगवला, त्या माणसासाठी जो त्याचा भाऊ नव्हताच.

रोममध्ये सूडाचं चक्क देऊळ होतं. ‘सूड घेणारा मार्स’ हा त्यातला देव. ज्युलियस सीझरच्या खुनाचा सूड घ्यायचा नवस ऑगस्टसने इ.स.पू. ४२ साली केला आणि इ.स.पू. २ साली त्याच्या नव्या फोरममध्ये ते देऊळ उभं राहिलं. त्याचे खांब आजही तिथे आहेत. पण हा सूड सत्तेसाठी होता. सीझरचा सूड घेतला आणि ऑगस्टस पहिला सम्राट झाला. कॉमोडसच्या बाबतीतही तेच. कोणाच्या मारल्या गेलेल्या बायकोसाठी किंवा मुलासाठी कोणी तलवार उचलली नाही. ल्युसिलासाठीही नाही.

मग सूड कोणी उगवला?

माझं उत्तर आहे, पानं चावणाऱ्याने.

डिओ आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकचा, तेव्हाच्या निकायाचा. सेव्हरसच्या काळात त्याने रोमचा इतिहास लिहायला घेतला. दहा वर्षं नुसती माहिती गोळा केली आणि बारा वर्षं लिहिलं. ग्रीकमध्ये, ८० भाग. कॉमोडसवरचा भाग आज मूळ स्वरूपात मिळत नाही. अकराव्या शतकातल्या एका भिक्षूने, झिफिलिनसने, केलेला संक्षेप आपल्यापर्यंत पोचलाय. त्या शहामृगाची, पॉम्पेयानसच्या डोळ्यांची गोष्ट आपल्याला कळते ती अशी. सेव्हरसने कॉमोडसला देव केलं, त्याचं नाव पुन्हा कोरलं, पण डिओच्या पानांवरून तो शहामृगाचं मुंडकं पुसू शकला नाही.

मात्र इथेच सावध राहायचं. सूड म्हणून लिहिलेला इतिहास सूडासारखाच वाचावा लागतो. डिओ सिनेटर होता. सिनेटरांना कॉमोडसने छळलं, म्हणून तो राक्षस झाला. अंगरक्षकांना विचारलं असतं तर वेगळी गोष्ट ऐकायला मिळाली असती, पण अंगरक्षकांनी पुस्तक लिहिलं नाही. डिओचा मोठेपणा असा, की तो स्वतःच एके ठिकाणी कबूल करतो, कॉमोडस जन्मतः दुष्ट नव्हता. भोळा होता, भित्रा होता, आणि आजूबाजूच्या माणसांच्या हातातलं खेळणं झाला. अठरा वर्षांचा पोरगा, हातात जगाची सत्ता, आणि पहिल्या दोन वर्षांतच बहिणीने पाठवलेली तलवार. वाकीन फीनिक्सने तो भित्रेपणा फार छान पकडलाय. त्या बाबतीत सिनेमा डिओच्या अगदी जवळ जातो.

‘ग्लॅडिएटर’ आपल्याला आवडतो कारण त्यात एक माणूस हेल्मेट काढून आपलं नाव सांगतो. खऱ्या रोममध्ये ज्यांनी नावं सांगितली ते वाटेतच पकडले गेले. जे वाचले ते घरी बसले, किंवा पानं चावत राहिले, आणि त्यातल्या एकाने नंतर सगळं लिहून ठेवलं. त्यामुळे पुढच्या वेळी तो सीन लावाल तेव्हा कॅमेरा मॅक्सिमसवर असू दे, तुम्ही मात्र मागच्या बाकांवर नजर टाका. तिथे बसलेला कोणीतरी तोंड हलवत असेल.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर मित्रांना पाठवा. आणि कमेंटमध्ये सांगा, पॉम्पेयानसने केलं ते बरोबर केलं का?